लिम्फोमासाठी पाणथरी काढली तर प्रतिकारशक्तीचं काय होतं?

मीरा_सातारा

नमस्कार. बाबांना (वय ६४) स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा (पाणथरीतला, म्हणजे प्लीहेतला, रक्तपेशींचा कॅन्सर) असल्याचं निदान झालंय. पाणथरी बेंबीपर्यंत आली आहे. चार घास खाल्ले की पोट भरतं, प्लेटलेट पन्नास हजारांच्या आसपास घुटमळतायत. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: रिटुक्सिमॅब (बी पेशी मारणारं औषध), नाहीतर ऑपरेशन. हेपटायटिस सी निगेटिव्ह आलंय. निदान अजून शंभर टक्के पक्कं नाही, त्यामुळे पाणथरी काढून तीच तपासायची, म्हणजे उपचारही होईल आणि शंकाही फिटेल, असा त्यांचा कल आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरेल.

घरात दोन पक्ष पडलेत. काका म्हणतात, पाणथरी काय, नसली तरी काही अडत नाही, गावात अपघातानंतर काढलेली माणसं शेती करतायत. आत्या म्हणते, कॅन्सरमध्ये आधीच ताकद नसते, त्यात हे काढलं तर माणूस कायमचा घरात बसवावा लागेल. ओपीडीत डॉक्टरांना विचारायला गेले तर "लशी घेऊन टाका" एवढंच ऐकू आलं, मागे रांग उभी होती.

कोणाला अनुभव किंवा माहिती असेल तर जरा विस्कटून सांगाल का? लशी नेमक्या कोणत्या, ऑपरेशनच्या आधी की नंतर, आणि घरी लक्ष कशावर ठेवायचं?

लालपेशी

मीराताई, मी पॅथॉलॉजिस्ट, आता निवृत्त. बाबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मी फक्त यंत्रणा सांगतो, म्हणजे त्यांना काय विचारायचं ते ठरवता येईल.

पाणथरी दोन कामं करते. एक गाळण्याचं. रक्त तिथल्या अरुंद जागांतून हळूहळू सरकतं, आणि म्हाताऱ्या, बिघडलेल्या लाल पेशी तिथल्या भक्षक पेशी खाऊन टाकतात. एवढंच नाही, चांगल्या पेशीत काही कचरा राहिला असेल तर पेशी शाबूत ठेवून तेवढा कचरा काढून घेतात, तांदूळ निवडताना दाणा ठेवून खडा काढावा तसं. पाणथरी काढलेल्या माणसाच्या रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की लाल पेशींत गडद जांभळे गोल ठिपके दिसतात. ते केंद्रकाचे उरलेले तुकडे, हॉवेल-जॉली बॉडीज. एरवी पाणथरी ते काढते, आता काढणारं कोणी नाही. रिपोर्टवर हे नाव वाचून घाबरू नका. ऑपरेशननंतर ते दिसायलाच हवेत.

दुसरं काम अँटिबॉडीचं, म्हणजे जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांचं. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी आणि मेनिन्गोकोकस या जिवाणूंच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं गुळगुळीत कवच असतं. भक्षक पेशींना त्यावर पकड मिळत नाही. अँटिबॉडी चिकटली की मिळते. या कवचाविरुद्ध झटपट आयजीएम (पहिल्या फळीची) अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी पाणथरीच्या मार्जिनल झोनमध्ये राहतात. नाव ओळखीचं वाटलं ना? बाबांचा लिम्फोमा त्याच वस्तीतल्या पेशींचा आहे.

आता मुख्य मुद्दा. रक्तातले जिवाणू यकृतही पकडतं, पण अँटिबॉडी भरपूर चिकटलेली असेल तेव्हा. ज्यांच्यावर अँटिबॉडी कमी किंवा नाहीच, ते पकडायला पाणथरीच लागते. पाणथरी गेल्यावर माणूस सगळा यकृतावर अवलंबून. म्हणजे अँटिबॉडी आधीपासून रक्तात असायला हवी, आणि त्यासाठीच लस.

काकांच्या शेतकऱ्यात आणि बाबांच्यात फरक इथे पडतो. अपघातात पाणथरी गेलेल्या तरुणाची बाकी फौज धडधाकट असते, लस दिली की अँटिबॉडी येते. शिवाय फुटलेल्या पाणथरीचे तुकडे कधी कधी पोटात रुजतात, जरी त्यांच्या भरवशावर राहता येत नसलं तरी. लिम्फोमात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीच आजारी. त्यावर केमो किंवा रिटुक्सिमॅब झालं तर उरलेल्याही बसतात. नुसती पाणथरी जाणं निभावता येतं. पाणथरी आणि बी पेशी एकदमच गेल्या की लशीला प्रतिसाद देणारं कोणी राहत नाही. म्हणून बाबांच्या बाबतीत लस कधी दिली हे लस कोणती दिली याच्याइतकंच महत्त्वाचं. लशी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी, आणि रिटुक्सिमॅबचा विचार असेल तर त्याच्याही आधी. रिटुक्सिमॅब होऊन गेल्यावर साधारण सहा महिने लस दिली तरी फारसं काही निष्पन्न होत नाही.

आत्यांना सांगा, घरात बसवायची गरज नाही. विषाणू, बुरशी यांच्याशी लढणाऱ्या टी पेशी पाणथरीवर तेवढ्या अवलंबून नसतात. साधी सर्दी बाबांना इतरांसारखीच होईल आणि जाईल. धोका निवडक जिवाणूंचा आहे, पण आला तर फार वेगाने येतो.

मेथीची_जुडी

लालपेशी, इतकं नीट कोणीच समजावलं नव्हतं. माझ्या नणदेची पाणथरी आयटीपीसाठी (प्लेटलेट कमी होण्याचा आजार) काढली, तिला लशीचं कार्डसुद्धा दिलं नाही कोणी. आजच फोन करते.

दूरचा_पाहुणा

हॉजकिन लिम्फोमा, ऐंशीच्या दशकात, तेव्हा मी कॉलेजात होतो. पाणथरी त्याच वेळी गेली. मजा म्हणजे ती आजारी होती म्हणून काढली नव्हती, आजारी आहे का बघायला काढली होती.

आताच्या लोकांना हे विचित्र वाटेल. तेव्हा पोटात रोग उतरलाय का हे बाहेरून नीट कळत नसे. नुसत्या रेडिएशनवर बरं करायचं तर तो कुठवर आहे हे माहीत हवं. म्हणून अमेरिकेत स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन, सॉल रोझेनबर्ग यांच्या गटाने साठच्या दशकात पद्धत बसवली: पोट उघडायचं, पाणथरी काढायची, यकृताचे आणि गाठींचे तुकडे घ्यायचे. तपासण्यांत पोट स्वच्छ वाटलेल्या बऱ्याच रुग्णांत पाणथरीत रोग सापडायचा, म्हणून ही पद्धत जगभर पसरली. पुढे सीटी स्कॅन सुधारले, बहुतेकांना केमो मिळू लागली, मग पोटात कणभर रोग आहे की नाही याने उपचार बदलेनासा झाला. नव्वदच्या दशकात ही शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडली. आता पेट स्कॅन करतात.

पण आमची एक अख्खी पिढी पाणथरीविना उरली. खरं तर पाणथरी काढलेल्या बाळांना जीवघेणा जंतुसंसर्ग होतो हे किंग आणि शूमाकर या अमेरिकी सर्जननी १९५२ मध्येच लिहिलं होतं. ती रक्ताच्या जन्मजात आजाराची पाच बाळं होती. हॉजकिनच्या मुलांवर स्टेजिंग (रोग कुठवर आहे ते बघणारं ऑपरेशन) सुरू झाल्यावर तेच पुन्हा दिसलं, आणि सत्तरच्या दशकात आणखी एक गोष्ट कळली: रेडिएशन आणि केमो दोन्ही झालेल्या हॉजकिनच्या रुग्णांना न्यूमोकोकसची लस दिली तर अँटिबॉडी फार कमी येते. लालपेशी म्हणतात तेच. उपचार जितके कडक, तितकी लस फिकी.

मी आता इंग्लंडात असतो. इथे माझ्यासारख्यांना पेनिसिलिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, कायमच्या. पाकिटात एक कार्ड असतं, 'मला प्लीहा नाही' असं लिहिलेलं. आणि घरात ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचा एक कोर्स पडून असतो, ताप आला तर पहिला डोस लगेच घ्यायला.

एक राहिलं. ज्यांची पाणथरी काढली नाही पण तिच्यावर भरपूर रेडिएशन झालं, त्यांची पाणथरी असून नसल्यासारखी होऊ शकते. जुन्या हॉजकिनवाल्यांनी स्लाइडवर हॉवेल-जॉली दिसतात का विचारून घ्यावं.

निसर्गमित्र_७

एवढी रसायनं कशाला? गुळवेलीचा काढा रोज सकाळी अनशापोटी, सोबत हळद-दूध. आमच्या ओळखीत एकांची पांढरी पेशी काढ्याने १४ हजारांवर गेली. प्रतिकारशक्ती नैसर्गिकरीत्या वाढते.

लालपेशी

निसर्गमित्र, त्या गृहस्थांची पाणथरी काढलेली होती का? असेल तर १४ हजार काढ्याने नाही, पाणथरी नसल्याने. ती गेल्यावर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही वाढतात, कित्येकांच्या तर कायमच वरच्या पट्टीत राहतात. वाढलेला आकडा म्हणजे वाढलेली ताकद नव्हे. उलट, ताप असताना "काउंट तर नेहमीसारखाच आहे" म्हणून गाफील राहायला होतं.

मीराताई, बाबांच्या प्लेटलेट ऑपरेशननंतर पन्नास हजारांवरून काही लाखांवर गेल्या तर आनंद जरूर करा, पण फार वर गेल्या आणि पोट दुखून ताप आला तर लगेच दाखवा. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. हा प्रतिकारशक्तीचा विषय नाही, पण पहिल्या काही आठवड्यांत तापाचं हेही एक कारण.

गुळवेलीबद्दल: त्यातून यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनीच २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तो वाद वेगळा. पण ज्या माणसाचं सगळं रक्तातलं जंतू पकडण्याचं काम आता यकृतावर येणार आहे, त्याच्या यकृतावर प्रयोग कशाला?

निसर्गमित्र_७

ठीक. हळद-दूध तरी राहू द्या.

लालपेशी

हळद-दुधाला माझी ना नाही. 🙂

वैनगंगा_काठ

गडचिरोलीत प्रयोगशाळेत काम करतो. दोन गोष्टी सांगतो, इकडे कोणी पाहुणे म्हणून आले तर उपयोगी पडतील.

पहिली मलेरिया. आमच्याकडे तो अजून आहे. पाणथरी नसलेल्या माणसाला मलेरिया जोरात होतो. आणि औषध बरोबर लागू पडलं तरी स्लाइडवर परजीवी दिसत राहतात, कारण मेलेले परजीवी लाल पेशीतून काढून टाकायचं कामही पाणथरीचंच. नवीन माणूस स्लाइड बघून "औषध लागू पडत नाही" असं लिहून मोकळा होतो. म्हणून पाणथरी काढल्याचं तपासणाऱ्याला आधी सांगा.

दुसरी सिकलसेल, लाल पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार. विदर्भात आणि नंदुरबारकडे पुष्कळ रुग्ण. त्यांच्यात पाणथरी ऑपरेशनशिवायच हळूहळू निकामी होते. म्हणजे न्यूमोकोकसची लस, तापाला घाबरणं, हे सगळं फक्त शहरी कॅन्सरवाल्यांचं नाही. आमच्या पोरांनाही तेच लागतं, पण त्यावर कोणी धागा काढत नाही.

अनघा_कोथरूड

@वैनगंगा_काठ, काढा की धागा. आम्ही वाचू.

मूळ प्रश्नाकडे. मी फिजिशियन आहे. लशींचा ढोबळ हिशोब देते, नेमकं वेळापत्रक तुमचे डॉक्टरच ठरवतील.

न्यूमोकोकस सगळ्यात महत्त्वाचा. पाणथरी नसलेल्यांना होणाऱ्या गंभीर संसर्गात बहुतेक वेळा तोच असतो. त्याच्या दोन जातीच्या लशी: कॉन्ज्युगेट (तेरावाली, म्हणजे जंतूच्या तेरा प्रकारांवरची, किंवा हल्लीच्या जास्त प्रकारांच्या) आणि तेवीसवाली पॉलिसॅकराइड. आधी कॉन्ज्युगेट, कारण ती साखरेला प्रथिन जोडून बनवतात, त्यामुळे टी पेशींची मदत मिळते आणि स्मृती तयार होते. तेरावाली घेतली तर तेवीसवाली नंतर, किमान आठ आठवड्यांनी, आणि पाच वर्षांनी पुन्हा. वीसवाली मिळाली तर तेवीसवालीची गरज सहसा उरत नाही. मेनिन्गोकोकसची एसीडब्ल्यूवाय (जंतूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या प्रकारांवरची), दोन डोस, आठ आठवड्यांच्या अंतराने, पुढे दर पाच वर्षांनी. हिबचा (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) एक डोस. फ्लूची दरवर्षी, सुईची. नाकात मारायची फ्लूची लस जिवंत विषाणूची असते, ती लिम्फोमात नको. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची घ्यावी, बाबांपर्यंत तो पोचणार तो तुमच्याकडूनच.

बारीक पण कामाची गोष्ट: एसीडब्ल्यूवायचा एक ब्रँड न्यूमोकोकसच्या कॉन्ज्युगेट लशीबरोबर दिला तर तिचा प्रतिसाद कमी करतो, त्यामुळे त्यांच्यात चार आठवड्यांचं अंतर ठेवतात. म्हणून "सगळ्या एकदम टोचून टाका" असं परस्पर करू नका, क्रम विचारा.

एसीडब्ल्यूवाय तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. हजला जाणारे आणि अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं ती घेतात, तेव्हा ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये विचारा.

नागिणीबद्दल नेहमी विचारतात म्हणून: लिम्फोमात नागीण जास्त होते, पण ते टी पेशींचं दुखणं, पाणथरीचा त्यात फारसा दोष नाही. तिची नवी लस जिवंत नाही, विचारून घेता येते.

साधा_माणूस

डॉक्टर, कायमची अँटिबायोटिक हे मला पटत नाही. आपल्याकडे आधीच जंतू औषधांना दाद देत नाहीत. रोज दोन गोळ्या खाऊन अजून वाढवायचं?

अनघा_कोथरूड

शंका रास्त आहे, आणि याबाबत सगळीकडे एकच प्रथा नाही. ब्रिटिश मार्गदर्शनात जास्त धोक्याचे गट वेगळे काढलेत: सोळाच्या आतले, पन्नासच्या पुढचे, लशीला प्रतिसाद न दिलेले, आधी न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग होऊन गेलेले, आणि रक्ताच्या कॅन्सरसाठी पाणथरी काढलेले, विशेषतः ज्यांचे उपचार चालू आहेत. त्यांना कायमची गोळी सुचवतात. अपघातात पाणथरी गेलेल्या तिशीतल्या निरोगी माणसाला मी पहिली काही वर्षं देऊन नंतर सोडेन, कारण सर्वात जास्त धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत असतो. मीराताईंच्या बाबांना वय आणि लिम्फोमा दोन्ही लागू. त्यांना मी देईन.

पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना काही जण लिव्होफ्लॉक्सासिन राखीव म्हणून देतात. आपल्याकडे ते सरसकट नको, टीबी दबून राहतो आणि निदान लांबतं. आणि लिम्फोमाच्या गाठीला टीबी समजून महिनोन् महिने औषधं खाल्लेले किती रुग्ण येतात ते विचारू नका, त्या भानगडीत आणखी भर नको.

गोळीपेक्षाही मला ताप जास्त महत्त्वाचा वाटतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली तर थर्मामीटर काही दाखवो, राखीव अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायचा आणि त्याच वेळी दवाखान्यात निघायचं. गोळी खाऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. हा संसर्ग सुरुवातीला अगदी फ्लूसारखा असतो, अंगदुखी, उलटी, थोडा ताप. आणि २४ ते ४८ तासांत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. व्हायला तो क्वचितच होतो, पण झाला तर निम्म्याच्या आसपास दगावतात, लवकर उपचार मिळाले तर हे चित्र बदलतं.

जुलै-ऑगस्टात तर हमखास गोंधळ. गल्लीत चार जणांना डेंग्यू, म्हणून याचाही डेंग्यूच धरून पॅरासिटामॉल आणि "रिपोर्ट उद्या बघू". डेंग्यूची तपासणी जरूर करा, पण रक्ताचं कल्चर घेऊन शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाल्यावर. दुसरा गोंधळ घरचा: लिम्फोमामुळेही ताप येतो, त्यामुळे घरचे म्हणतात, "रोगानेच उचल खाल्ली असेल, पुढच्या ओपीडीला विचारू." तिसरा स्टेरॉइडचा: केमोबरोबर ती चालू असतील तर ताप दबतो, मग नुसतं गळून जाणं, बडबडणं, लघवी कमी होणं यावर जायचं.

कुत्र्यांचा_काका

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. माझी पाणथरी नाही (लिम्फोमाच). कुत्री सोडून द्यायची का?

अनघा_कोथरूड

नको. पण चावा किंवा खोल ओरखडा झाला तर नुसत्या रेबीजच्या लशीवर थांबू नका. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफागा नावाचा जिवाणू असतो, पाणथरी नसलेल्याला तो रक्तातून भिनू शकतो. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, रेबीजची लस घ्या (ती मृत विषाणूची, तुम्हाला चालते) आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट लगेच सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. उघड्या जखमेवर चाटू देऊ नका.

कुत्र्यांचा_काका

बरं झालं विचारलं. चाटण्याचं सांगून पटवायला दोघेही अवघड आहेत, पण बघतो.

शेवंता

माझ्या नवऱ्याला रिटुक्सिमॅब आधीच झालंय, शेवटचा डोस होऊन दोन महिने झाले, आणि आता पाणथरी काढायचं चाललंय. मग लशी वायाच?

लालपेशी

वाया म्हणून सोडून देऊ नका. फ्लूची वगैरे हंगामानुसार द्यावीच लागते, काही टी पेशींच्या वाटेने थोडाफार फायदा होतो. ऑपरेशन सहा महिने थांबवता येत असेल तर ते उत्तम, नसेल तर डॉक्टर आत्ता एकदा देऊन बी पेशी परतल्यावर पुन्हा देण्याचा विचार करतात. इम्युनोग्लोब्युलिनची पातळी तपासली आहे का विचारा. आयजीजी (त्यातला मुख्य प्रकार) फारच खाली असेल आणि वारंवार गंभीर संसर्ग होत असतील तर ते शिरेतून देण्याचा पर्याय असतो, महाग आहे. तोवर गोळी आणि तापाचा नियम, यावरच भिस्त.

मीरा_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून काका आणि आत्या दोघांना दिला.

डॉक्टरांशी पुन्हा बोलले, या वेळी प्रश्न लिहून नेले. न्यूमोकोकसची वीसवाली मिळाली, ती आणि हिब झाली. एसीडब्ल्यूवाय साताऱ्यात मिळाली नाही, पुण्यात ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये आहे, शनिवारी नेणार. ऑपरेशन त्यानंतर तीन आठवड्यांनी. पाणथरीचा रिपोर्ट बघून रिटुक्सिमॅबचं ठरवू म्हणाले.

एक प्रश्न राहिला. एसीडब्ल्यूवायचा दुसरा डोस ऑपरेशननंतर येतोय, ते चालेल ना?

लालपेशी

ऑपरेशननंतर आला तर चालतो. पण तो रिटुक्सिमॅबच्या आधी बसतो का ते आत्ताच विचारून ठेवा, आणि दोन्ही तारखा डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पाणथरीचा रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस जातात, तेवढ्यात कोणीतरी घाईने रिटुक्सिमॅबची तारीख देऊन टाकतं.

मीरा_सातारा

सोमवारी फोन करून विचारते, काय म्हणतात ते इथे लिहीन.